आक्कांनी घासलेले देव

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, देवांना आंघोळ घालत नसत. देव घासत. चिंच, राख आणि मनगटात होता नव्हता तेवढा जोर. अणदूरच्या आमच्या घरात पहाटे कोंबड्याच्या आधी तांब्याच्या ताम्हनातला तो खरखराट ऐकू यायचा. देव म्हणजे चांदीचे टाक, तळहातावर मावतील असे पत्रे. एकावर ठसवलेली तुळजाभवानी, दुसऱ्यावर घोड्यावरचा खंडोबा. गल्लीत आक्कांना माघारी देवबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो, पण अहो-जाहो काही सुटत नाही.

मी मुरुमची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच मंगळवारी देवीच्या टाकाला कुंकू लावलं. माहेरी लावायचे, इथंही लावलं. आक्कांनी सगळे देव पुन्हा ताम्हनात घेतले, पुन्हा घासले आणि सासूबाईंना सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ‘‘देवाला माझ्या हाताची सवय हाय. दुसरा हात लागला की कोमेजतेत.’’ चांदीचे देव म्हणे कोमेजतात! गुडघे गेल्यापासून सासूबाईंनी देव्हारा थोरल्या सुनेच्या हवाली केला होता, आणि आक्कांनी तो सातबारा नावावर चढवल्यासारखा ताब्यात ठेवला.

नवरात्रात तेवढी त्यांची अडचण व्हायची. घट बसले की देव विड्याच्या पानावर बसतात. रोज माळ चढवायची, पण देवांना हलवायचं नाही, आंघोळ नाही. मग आक्का समई घासायच्या, घंटा घासायच्या, पाण्याचा हंडासुद्धा घासायच्या. आणि दसऱ्याला देव उठले, की मधे राहिलेलं सगळं एकदम वसूल करायच्या. मी चुलीपाशी दात-ओठ खात भाकऱ्या थापायची.

पुढं सासूबाई गेल्या, भाऊ वेगळे झाले. देव थोरल्याकडेच राहतात, ही रीत आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. धाकट्यानं नवे टाक करायचे, तुळजापूरला नेऊन आईच्या पायाला लावायचे, आणि घरी आणून जुन्या देवांशी भेटवायचे. जुने-नवे एका ताम्हनात बसतात, दोघांवर एकच पाणी पडतं, मग नवे देव आपल्या देव्हाऱ्यात जातात. तोवर ती नुसती चांदी. आम्ही टाक घडवले, तुळजापूरही झालं. राहिली ती भेट, आणि ती आक्कांच्या हातात होती.

आक्का आज-उद्या करत राहिल्या. कधी सुतक, कधी सुनेची अडचण, कधी अमावस्या जवळ आली. इकडं माझ्या पोरीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आधी गोंधळ घालायचा तर घरात बसलेले देव पाहिजेत. चांदीपुढं का गोंधळ घालायचा? शेवटी एका सकाळी नवे टाक लाल फडक्यात बांधून मी त्यांच्या घरी गेले आणि देव्हाऱ्यासमोर फतकल मारून बसले. भेट झाल्याशिवाय उठणार नाही म्हणून सांगितलं.

आक्का तेव्हा ताम्हन घेऊनच बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते देव जवळून पाहिले. देवीला तोंडच नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गुळगुळीत उंचवटा. खंडोबाच्या घोड्याचं तेवढं पोट राहिलं होतं. असा झिजलेला टाक पूजेत ठेवत नाहीत, मोडून नवा करतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. देव्हाऱ्यापाशी कुणाला येऊ का देत नव्हत्या, ते मला तिथं कळलं.

‘‘आक्का,’’ मी म्हटलं, ‘‘देवीचं तोंड कुठंय?’’

‘‘मला दिसतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोज दिसतंय.’’

मी फडकं सोडलं. नव्या देवीचे डोळे, नथ, सगळं ठसठशीत. आक्कांनी एकदा त्या टाकाकडं पाहिलं आणि आपल्या देवांवर पदर टाकला. ‘‘न्हाय ठेवायची हिला शेजारी,’’ म्हणाल्या. ‘‘माझी आई उघडी पडंल. भावकी काय म्हणंल मला?’’

मी भांडले. माझ्या पोरीच्या लग्नापेक्षा तुमची अब्रू मोठी का, असंही विचारलं. त्या पदर धरून बसून राहिल्या. भेट झाली नाही. माझ्या पोरीचा गोंधळ न भेटलेल्या देवांपुढं झाला. गोंधळी म्हणाला, आईच्या पायाला लागलेत, चालतंय. त्याला चाललं, मला नाही. पोरगी सुखात आहे, पण तिला साधा ताप आला तरी माझ्या मनात पहिल्यांदा तेच येतं. त्याला आक्का जबाबदार.

आक्का गेल्या वर्षी गेल्या. सुतकात देवांना कुणी हात लावला नाही आणि ते काळे पडले. नंतर त्यांची सून म्हणाली, काकू, मला सोलापूरची नोकरी, या देवांचं काय करायचं ते तुम्हीच बघा. मी बघितलं. जुने-नवे एका ताम्हनात घेतले, दोघांवर एकच पाणी घातलं, भेट झाली. मग जुन्या देवांवर अक्षता टाकल्या, निरोप घेतला आणि ते सोनाराकडं नेले. मोडा म्हटलं. त्याच चांदीत भर घालून घडवलेले देव तुळजापूरला आईच्या पायाला लावले, आमच्या देवांशी भेटवले आणि मी माझ्या हातानं त्यांच्या देव्हाऱ्यात बसवले. साध्या पाण्यानं धुवा, चिंच लावायची नाही, असं सुनेला बजावलं.

आता दोन्ही घरच्या देव्हाऱ्यांत नाकी-डोळी नीटस देवी आहे. रोज हात जोडते, डोळे मिटते, आणि समोर आक्का येतात. तेच कपाळ, तेच घट्ट मिटलेले ओठ. डोळे उघडून देवीकडं बघते, पुन्हा मिटते, पुन्हा आक्काच. देवीचं तोंड घासून काढलं आणि बाईनं तिथं स्वतःचं बसवलं. नमस्कार तर चुकवता येत नाही, म्हणून त्यांनाच करून उठते.