थकाल

आमच्या बुहेरा मुलखात लोक तोंडावर भांडत नाहीत. कुणाशी बिनसलं की घरात जन्मलेल्या पोराला त्या भांडणाचं नाव देतात आणि रोज अंगणातून मोठ्याने हाकारतात. शेजाऱ्याला बरोबर ऐकू जातं. याला म्हणे सभ्यपणा! मी याला भेकडपणा म्हणतो.

मुचानेताचंच बघा. नावाचा अर्थ 'थकाल'. तिच्या बापाचं गोठ्याच्या जागेवरून सख्ख्या भावाशी वाजलं आणि त्याच सुमारास ही जन्मली. बापाने भावाला ऐकवून टाकलं: बोला किती बोलायचं ते, थकाल! भाऊ काय कमी? त्याने कुत्रा पाळला. नाव ठेवलं हातिनेती, 'आम्ही नाही थकत'. संध्याकाळी एका कुंपणातून पोरीला हाक, दुसऱ्यातून कुत्र्याला. दोघं भाऊ कधीच मेले. ही मात्र म्हातारी झाली तरी 'थकाल'च. तिच्या हातच्या नाचणीच्या बिअरला पंचक्रोशीत तोड नाही, पण फुकट पिणाऱ्यांचा विनोद ठरलेला: "थकाल म्हणे! ओत गं, बघू कोण थकतं ते."

ती हसायची. मी असतो तर मडकं डोक्यात घातलं असतं.

तर तिच्या मुलाने, गारिकाईने, नदीपलीकडची एस्नाथ बायको करून आणली, तीही पोट दिसू लागल्यावर. केरेसियाआत्याने, म्हणजे मुचानेताच्या नणंदेने, भाच्यासाठी स्वतः मुलगी हेरून ठेवली होती. झालं, बाई पेटली. एस्नाथला मुलगी झाली, आणि नाव ठेवायचा हक्क घरच्या आत्याचा. मुचानेता आजी खरी, पण सून कितीही जुनी झाली तरी परक्या कुळाची. तिला कोण विचारतो?

केरेसिया बिअर पिता पिता माझ्या कानात म्हणाली, "न्यादझिसाई ठेवणार. 'लाज आणा'. जन्मभर ऐकेल ती भवानी."

जन्मभर ऐकणार कोण? आई की ते तान्हं पोर? माझं डोकंच फिरलं. असली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, हे केरेसियाला ठाऊक असायला हवं होतं. मी उठलो तो थेट मुचानेताच्या चुलीपाशी.

सगळं सांगून टाकलं. तिची कुत्री महिन्यापूर्वी व्याली होती. मुचानेता ऐकता ऐकता पिल्लांकडे बघत राहिली.

बाळाची नाळ गळाली, नाव ठेवायला माणसं जमली. केरेसियाने घसा साफ केला. "पोरीचं नाव न्यादझिसाई."

"अगंबाई!" मुचानेता म्हणाली आणि मागे वळून ओरडली, "न्यादझिसाई! ये गं, यू यू!" एक काळं पिल्लू धडपडत आलं.

पुरुष खाली बघून हसू दाबायला लागले. कुत्रीचं नाव नातीला कोण देणार?

"बरं, मग मातिवेंगा," केरेसिया फणकारली. म्हणजे 'आमचा द्वेष केलात'.

"ती तांबडी, वन्सं. हाक मारू?"

"रुवेंगो!"

"द्वेष ना? तो लंगडा."

आमच्याकडे टोमण्याची नावं असून असून किती असणार? जिने जन्मभर एक वाहिलं, तिला सगळी पाठ.

"वहिनी, कुत्र्यांवरून मला शिकवतेस?"

"तुम्हाला कशी शिकवीन? पण वन्सं, बापाचं भांडण मेलं, काकाचं मेलं, मी अजून तेच ओढतेय. या चिमणीने तुमचं काय घोडं मारलंय?" तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

केरेसियाने हातातलं बिअरचं मडकं रिकामं केलं. मग म्हणाली, "ठेव तूच, एवढी शहाणी आहेस तर."

"रूवा."

फूल. नुसतं फूल.

पण आमचे लोक! आठवडाभर डोकी खाजवत होते, हे फूल मारलंय कुणाला? आता पोरगी चालायला लागलीय. परवा केरेसियाने अंगणातून हाक मारली, "रूवा! अगं रूवा!" तर शेजारीण कमरेवर हात ठेवून कुंपणाशी हजर:

"काय म्हणालात मला?"