गळलेला ‘र’

फोन आला तेव्हा खानावळीत दुपारची दुसरी पंगत बसली होती. भरतच्या छातीत कफ साठला म्हणून त्याला पुण्याला दवाखान्यात ठेवलं होतं आणि आम्ही नवराबायकोने पाळ्या लावल्या होत्या. त्या दिवशी पाळी ह्यांची होती. “सुमे, आता घाई करून उपेग न्हाई,” हे म्हणाले, “ये सावकाश...” मी बसलेल्यांना भात वाढला, गॅस बंद केला आणि कोळवणच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसले. लोकांना त्याचं नवल वाटलं. पण अर्ध्या ताटावरून कुणाला उठवायचं कशाला?

भरत आमचा एकुलता. लहानपणी पायरी चढताना गुडघ्यावर हात टेकायचा. शाळेत घातला त्या सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, याच्या स्नायूंना लागणारं एक प्रथिन शरीरात तयारच होत नाही, आणि हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो. दुसरं वाक्य मी कुणाजवळ काढलं नाही. पहिल्यावर लगेच कामाला लागले. प्रथिन कमी आहे तर घालू या, माझ्याकडे तूरडाळीला काय तोटा होता! दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण, शिवाय अंडी. तो चाकांच्या खुर्चीत बसला तेव्हा मी डाळ वाढवली. पुढे त्याचा हात ताटापर्यंत जायचा, तोंडापर्यंत यायचा नाही, तेव्हा मी भरवायला लागले. “आई, एवढ्या डाळीत अख्खं कोळवण धावायला लागलं असतं,” म्हणायचा.

अकरावीला त्याने विज्ञान घेतलं. पेन धरवत नव्हतं, म्हणून तो सांगायचा आणि मी लिहायची. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की जेवणाचे पदार्थ लिहायचा फळा पुसून त्याच्यावरच. एकदा म्हणाला, लिही, ‘भरत गरम वरण भरव’, पण सगळं जोडून, मध्ये जागा सोडायची नाही. मी लसूण सोलता सोलता उठून लिहिलं. आता तीन-तीन अक्षरं वाच, म्हणाला. मी वाचलं... भतग, रमव, रणभ, आणि शेवटी नुसतं रव.

घाईत मी ‘भरत’मधला ‘र’ गाळला होता. तो खूप हसला. “मी तुला तोच पुसायला सांगणार होतो, तू आधीच गाळलास.” मग समजावून सांगितलं. पेशीत मूळ मजकूर आतच राहतो, बाहेर त्याची नक्कल येते. ती तीन-तीन अक्षरांनी वाचत पेशी एकेक मणी ओवते, त्या माळेचं प्रथिन होतं. एक अक्षर गळलं की पुढची सगळी अक्षरं बरोबर असूनही चुकीची वाचली जातात आणि काम अर्ध्यात थांबतं. त्याच्या मजकुरातला एक तुकडा असाच गळला होता. वरणातली प्रथिनं पोटात सुटी होतात, त्यांचे मणी त्याला भरपूर मिळत होते. मण्यांचा दोष नव्हता, मजकुराचा होता.

“म्हणजे लिहिणारीचा,” मी म्हणाले.

त्याचं हसू थांबलं. इतकी वर्षं मी हे धरून बसले आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, “तो मजकूर तू लिहिलेला नाहीस, आई. तुझ्याकडे दोन प्रती आहेत, एक चांगली, म्हणून तू पोती उचलतेस. मला एकच मिळाली. कुठली द्यायची हे तुझ्या हातात नव्हतं.” मी बरं म्हटलं. मला पटलेलं नाही हे त्याला कळलं.

मग त्याने विषय बदलला. परदेशात उपाय शोधतायत, म्हणाला. गळलेलं परत घालता येत नाही, म्हणून आणखी थोडं गाळून बघतात. “पहिला ‘भ’ आणि ‘त’ पण पूस, आणि वाच.” मी न पुसताच मनात वाचलं. गरम वरण भरव. पुढचं सगळं आपापल्या जागेवर आलं होतं.

“तुझं नाव जातंय,” मी म्हणाले.

“जाऊ दे की. बाकीचं नीट होतंय ना? पूस.”

“नाही पुसणार.”

“हट्टी आहेस,” तो म्हणाला. “मग वरण तरी आण, गार होतंय.”

दुसऱ्या दिवशी मी जेवणासाठी नवा फळा आणला. जुना तिथेच राहिला. एका जीपवाल्याने त्यावरची पहिली तीन अक्षरं वाचून विचारलं, “ताई, ह्ये भतग काय हाय? एक प्लेट लावा.” मी काही बोलायच्या आत भरत खुर्चीतून म्हणाला, “संपलं, दादा. उद्या या.”

दिवसकार्य झाल्यावर मी खानावळ उघडली. वरण रोज एक वाटी उरतं, अंदाज अजून सुधारलेला नाही. जुना फळा भिंतीवर आहे. दोन अक्षरं पुसली तर वाक्य नीट होईल, हे मला माहीत आहे. पण मी फडकं मारताना तो सोडून पुढे जाते. वाफेने खडू पुसट होतो, मग स्टुलावर चढून मी तीच अक्षरं पुन्हा गिरवते, ‘र’ न घालता, होती तशीच. आधी भ... मग त.