न म्हटलेला मंत्र

चामटोलीत कुणाला पान लागलं की माणसं आधी हरिचंद्राच्या अंगणात यायची. साप चावला असं तिकडे सरळ कुणी म्हणत नसे; नाव घेतलं तर जनावर पुन्हा येतं अशी समजूत होती. निरोप आला की हरिचंद्र जेवत असला तरी ताटावरून उठायचा, हात धुवायचा आणि चालू लागायचा. मंत्र त्याला बापानं दिला होता, ग्रहणात, उल्हास नदीच्या पाण्यात कमरेइतकं उभं करून. मंत्रासोबत बंधनंही आली. पैसा घ्यायचा नाही. रोग्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही. आणि पडवळ जन्मात खायचं नाही. हरिचंद्रानं हे सगळं पाळलं. भगत म्हणून त्याचं नाव वांगणीपासून बदलापूरपर्यंत झालं होतं, पण घरात भात होता तो स्वतःच्या जमिनीच्या दोन तुकड्यांतलाच.

त्याची बायको सखू. अंगानं बारीक, बोलायला मऊ. रात्री-अपरात्री नवरा उठून गेला की ती देवापुढे दिवा लावून बसायची आणि तो परत येईपर्यंत विझू द्यायची नाही. तिला स्वतःला मंत्राचा एक शब्द ठाऊक नव्हता, कारण बाईनं तो शिकायचा नसतो. पण तिचा त्या मंत्रावर जेवढा भरवसा होता, तेवढा कदाचित हरिचंद्राचाही नसेल.

बरीच माणसं उठून बसायची. काही जायची. गावातल्या बनूबाईचा मुलगा जनू गेला तो हरिचंद्राच्या मांडीवर. शहाडच्या कारखान्यात नुकता लागलेला पोरगा, जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. हरिचंद्रानं त्याला कडुलिंबाचा पाला चावायला दिला, मंत्र म्हणत फुंकर घातली, दिवस वर येईपर्यंत तोंड थांबू दिलं नाही. पोराच्या पापण्या मिटत गेल्या आणि श्वास थांबला. बनूबाईनं त्याला बोल लावला नाही. उलट दर वर्षी नवा तांदूळ आला की ती एक पायली त्याच्या ओट्यावर ठेवून जायची. माझ्या पोराला शेवटपर्यंत सोडलं नाही, असं म्हणायची. रोग्याच्या घरचं घ्यायचं नाही, म्हणून सखू तो तांदूळ देवळात पोचता करायची.

चौऱ्याऐंशी सालच्या पावसात गावातल्या शिवरामला बांधावर घोणस चावली. हरिचंद्रानं मंत्र म्हटला, पण शिवरामचा पाय मांडीपर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शिवरामचा भाऊ अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होता. तो म्हणाला, आता मी याला बदलापूरला नेतो. लोकांना वाटलं भगत रागावेल. हरिचंद्र रागावला नाही. तोही त्यांच्याबरोबर गेला.

बदलापुरात डॉक्टर उमा गुप्ते यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाईंनी शिवरामला सापाच्या विषावरचं इंजेक्शन लावलं, सलाइन लावलं, आणि रक्त थांबल्यावर उल्हासनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. इंजेक्शन भरण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीला हात जोडले, हे हरिचंद्रानं पाहिलं. शिवराम वाचला.

काही दिवसांनी हरिचंद्र एकटाच दवाखान्यात गेला आणि बाकावर बसून राहिला. रोगी संपल्यावर बाईंनी त्याला आत बोलावलं. या माणसाला फैलावर घ्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांनी त्याला बसवून नीट समजावलं. धामण, दिवड, नानेटी चावली तर माणसाला काहीच होत नाही. आपल्याकडे जीव घेणारी जनावरं मोजून चार, आणि तीसुद्धा चावली म्हणजे दर वेळी विष सोडतातच असं नाही. हरिचंद्रानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे मी वाचवली ती माणसं?"

"ती वाचणारच होती, हरिचंद्रभाऊ."

"आनि गेली ती?"

 खोटं बोलणं बाईंना जमलं नाही. "त्यातली काही वेळेवर इथे आली असती तर वाचली असती."

मंत्र सोडा असं बाईंनी त्याला सांगितलं नव्हतं. लोक तुमच्याकडेच येणार, तेव्हा तुम्हीच त्यांना घेऊन इकडे या, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण हरिचंद्र घरी परतला तो आतून रिकामा होऊन. ज्यांच्या उशाशी तो बसला होता, ती सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून जात होती. दरवेळी कुठेतरी एखादी गाडी मिळाली असती, आणि दरवेळी आपण फुंकर घालत बसलो होतो. त्या वर्षी बनूबाई तांदूळ घेऊन आली तेव्हा तो मागच्या दारानं शेताकडे निघून गेला.

त्यानंतर त्यानं मंत्र बंद केला. बोलावणं आलं की तो अजूनही ताटावरून उठायचा, पण आता गाडी बघायला. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधायचा, रोग्याला चालू द्यायचा नाही, बदलापूर गाठायचा. माणसं विनवायची, भगत, दोन शब्द तरी बोला. तो मान हलवायचा. गावातली म्हातारी मंडळी म्हणाली, बापाची विद्या पोरानं बुडवली.  सखूनं फक्त एकदा, भात वाढताना, विचारलं, मंत्र खरंच खोटा होता का? हरिचंद्र म्हणाला, खोटाच. ती उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली. दिवा लावायचं मात्र तिनं सोडलं नाही.

अठ्ठ्याऐंशीचा श्रावण. दुपारी सखू पडवीतल्या गोवऱ्या काढायला गेली, आणि ढिगात बसलेल्या नागानं तिच्या मनगटाला धरलं. तिनं आरडाओरडा केला नाही. हात धरून ती ओट्यावर आली आणि म्हणाली, "मला पान लागलं."

हरिचंद्रानं क्षणभरही उशीर केला नाही. हात फळीला बांधला, शेजाऱ्याची बैलगाडी जुंपली, सखूला आडवी केली. हमरस्त्याला विटांचा टेम्पो मिळेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तो मिळालाही. मागच्या फळ्यांवर गोणपाट टाकून तो सखूचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तिचा हात सुजत होता. पापण्या जड झाल्या होत्या. जीभ जडावत चालली होती, तरी ती बोलली.

"अवं, मंत्र बोला ना."

तो म्हणाला, आता पोचू, बाईंकडे औषध आहे.

"औषध घेईन. तुमी मंत्र बोला."

हरिचंद्राच्या ओठांवर पहिला शब्द आला होता. तो त्यानं गिळला. सखूशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता, आणि जे खोटं आहे असं आपणच तिला सांगितलं ते आता तिच्या कानात कसं घालायचं, हे त्याला कळेना. दुसरी भीती याहून मोठी होती. एकदा म्हणायला लागलो तर आपला पुन्हा विश्वास बसेल आणि आपण टेम्पो थांबवायला सांगू, असं त्याला वाटलं. म्हणून तो गप्प राहिला. सखूनं आणखी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटला नाही. मग तिनं चांगल्या हाताची बोटं त्याच्या ओठांवर ठेवली. त्याचे ओठ हलतायत का, ते ती चाचपत होती. बेलवलीच्या वळणापर्यंत बोटं तिथेच होती. मग हात खाली घसरला.

दवाखान्यात बाईंनी इंजेक्शन दिलं, तोंडावर फुगा दाबून श्वास देत राहिल्या, उल्हासनगरला न्यायला बाहेर गाडी तयार ठेवायला लावली. सखूचा श्वास परत आला नाही. सगळं संपल्यावर बाई त्याच्याजवळ येऊन बसल्या. तुमचं काहीही चुकलं नाही, असं त्यांनी सांगितलं. विष फार गेलं होतं. याहून लवकर कुणीच आणू शकलं नसतं.

हरिचंद्र म्हणाला, "बाई, ती मंत्र मागत होती. मी नाय बोललो."

"त्यानं ती वाचली नसती."

"ते ठावं हाय मला," तो म्हणाला. "तिला भ्या वाटत होतं."



दिवसकार्याला बनूबाई आली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, सखू भाग्याची, नवऱ्याच्या मांडीवर, कानात मंत्र घेऊन गेली. आजूबाजूला बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. हरिचंद्रानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय." आयुष्यातलं ते त्याचं सगळ्यात मोठं खोटं. ते त्यानं का सांगितलं, बनूबाईसाठी की स्वतःसाठी, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही.

भात कापणीच्या सुमारास पलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. हरिचंद्रानं फळी बांधली, गाडी केली, आणि गाडी सुटल्याबरोबर रोग्याच्या कानाशी वाकून मंत्र म्हणायला लागला. दवाखान्याच्या पायरीपर्यंत म्हटला. तिथे थांबला आणि बाजूला झाला. तेव्हापासून तो असंच करत आला. बाईंनी हे एकदा पाहिलं आणि त्याला अडवलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, भगत ताळ्यावर आला. शिवरामला वाटलं, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं. 

पुढे दोन-तीन वर्षांनी वाडीवरच्या ठमाबाईला फुरसं चावलं. ती बरी झाली आणि दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसली, तेव्हा हरिचंद्र तिला बघायला गेला होता. तिनं विचारलं, "भगत, मी कशानं वाचले? सुईनं का तुमच्या मंत्रानं?"

"सुईनं," हरिचंद्र म्हणाला.

"मग तुमी सारी वाट मंत्र कशापायी बोललात?"

हरिचंद्राला आपल्या ओठांवर पुन्हा सखूची बोटं जाणवली. तो उठला, दवाखान्याबाहेर आला, आणि रिक्षांच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभा राहिला. सखू गेल्यावर तो रडला नव्हता. तिथे त्याला रडू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही.