वेगळं दिसलं ते उपटलं

आमची आई एकसष्टाव्या वर्षी फुलझाडे लावायला शिकली. तिला शिकवण्याचे काम मी कोणी न सांगता अंगावर घेतले होते, हे आधीच नोंदवून ठेवते.

सारा जन्म धानाच्या शेतीत गेल्यामुळे तिच्या अंगणात फुलांना कधी जागा मिळालीच नाही. दर दसऱ्याला ती शेजारी, मोठ्या जावेकडे, म्हणजे माझ्या मोठ्या आईकडे, झेंडू मागायला जायची. मोठी आई टोपलीभर फुले द्यायची आणि सोबत एक वाक्य: “तुह्या आंगणात गवतच उगवते वो.” फुले दोन दिवसांत सुकत, वाक्य वर्षभर टिके. गेल्या पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना, चिखलात ओळीने वाकलेल्या दहा-बारा बायांसमोर, आई बोलून गेली, “यंदा दसऱ्याचं तोरण माह्या आंगणातल्या फुलाईचं.” बोललेला शब्द मागे घेण्याची सोय आमच्या आईत नाही.

मी नागपूरला रसायनशास्त्रात संशोधन करते आणि रविवारी आसगावला घरी येते. पुढच्या रविवारी मी एक फूटपट्टी, एक वही आणि कोंबडा नावाच्या फुलाच्या बियांचे पाकीट घेऊन आले. झेंडूला झेंडूनेच उत्तर देणे मला सामान्य वाटले. कोंबड्याच्या लालभडक मखमली तुऱ्यांपुढे मोठ्या आईचे अंगण फिके पडेल, असा माझा हिशेब होता.

आईने वाफा केला आणि सवयीने त्याला चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला.

“आई, हे काही धानाची बांधी नाही. पाणी साचलं तर बी सडन.”

“पाण्याबिगर जगन कसं?” म्हणत तिने धुरा फोडला, पण तिचे मन त्या फुटलेल्या जागेवरून बरेच दिवस हलले नाही.

आठव्या दिवशी, पुढच्या रविवारी, रोपे वर आलेली दिसली. आईने उकिडवे बसून निरखले. “हे तं कुरडू दिसते.”

कुरडू म्हणजे शेतात आपोआप माजणारे तण. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आम्ही खातो. मी समजावले, “कुरडू आन् कोंबडा एकाच कुळातले हाय आई. लहानपणी सारखेच दिसतीन.” हे विधान शास्त्रीयदृष्ट्या आजही निर्दोष आहे.

“तू शिकेल हाय, तुले मालूम,” आई म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी माझ्या मोजणीत रोपे कमी भरू लागली. मी गोगलगायींवर संशय घेतला, वाफ्याभोवती राखेचे कडे केले. रोपे कमी होतच राहिली. शेवटी एका सकाळी गुन्हेगार वाफ्यातच सापडला.

“आई, काहून उपटून राहिली?”

“भेसळ काढून राहिली. धानात वेगळं दिसलं ते उपटाचं. पीक कसं एकसारखं पायजे.”

तिच्या हातात लालसर देठांची, रुंद पानांची चार रोपे होती. वाफ्यात उरलेली सारी हिरवीगार आणि एकमेकांसारखी होती. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा नियम समोरच्या पुराव्याशी तंतोतंत जुळत होता. मी वहीत लिहिले: ‘लालसर रोपे रोगट. काढली.’

उरलेली रोपे जोमाने वाढली. मी त्यांच्या उंचीचा आलेख काढला. तो फार देखणा आला. भाद्रपदात तुरे आले, पण ते लाल नव्हते, मखमलीही नव्हते. निमुळते, पांढरट गुलाबी होते. कुंपणावरून मोठी आई म्हणाली, “काहून वो, कुरडू पेरून राहिली का? आमच्या तुरीत फुकट हाय, घेऊन जाजो!”

संध्याकाळी आई पुन्हा वाफ्यापाशी जाऊन बसली. मग विचारले, “ते लाल देठाचे होते, तेच कोंबडे होय का?”

“हो.”

“मी उपटले.”

“मी वहीत लिहिलं.”

अपराधाची वाटणी समान झाली.

दसऱ्याच्या सकाळी मी नागपूरहून पिशवीभर झेंडू आणला. आईने पिशवीत डोकावून ती बाजूला ठेवली. “आंगणातलं म्हणलं होतं मी. इकतचं नाही.” आंब्याच्या पानांत कुरडूचे तुरे ओवून तिने तोरण बांधले.

“तोरण होय का भाजीची जुडी?” मोठी आई म्हणाली. संध्याकाळी सोने द्यायला त्या रोवण्यातल्याच बाया आल्या. प्रत्येक जणी दारात मान वर करी आणि पदर तोंडाला लावी. आई प्रत्येकीच्या हातावर सोने ठेवत ताठ उभी राहिली.

दिवाळीला मी घरी आले, तेव्हा मोठ्या आईचे तोरण काळे पडून कधीच उतरले होते. आमचे जसेच्या तसे होते. कुरडूच्या पाकळ्या मुळातच कोरड्या, कागदासारख्या असतात. त्यांना सुकण्यासारखे फारसे काही नसते. हे आधी सुचायला हवे होते, पण माझे सगळे लक्ष उंचीवर होते.

मोठी आई तोरणाला बोट लावून उभी होती. “सुकत काहून नाही हे? पोरीनं काही फवारलं का?”

“शास्त्र हाय त्याच्यात,” आई झाडता झाडता म्हणाली. “पोरीले इचारा.”

मी खरे सांगायला तोंड उघडले. आईने झाडू थांबवला. मी तोंड मिटले.

“चार तुरे देजो वो, लक्ष्मीपूजनाले.”

“तुमच्या तुरीत हाय ना बाई, फुकट.”

“ते साधं होय. हे वेगळं दिसते.”

आईने माझ्याकडे बघण्याचे कटाक्षाने टाळले आणि वाफ्यातले तुरे खुडून टोपली भरून दिली. सोबत वाक्य मात्र दिले नाही. ते ती पुढच्या दसऱ्यासाठी राखून ठेवत असावी.