डांगरावरचा पहिला घाव

आमच्या कॉलनीत मला कोयतेवाल्या वहिनी म्हणतात. मी एरवी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही. भाजीवाल्यानं पालकाऐवजी चुका बांधून दिला तरी मी मुकाट्यानं घरी येते आणि चुक्याची भाजी करते. तरी नाव पडायचं ते पडलंच. तेही एका डांगरामुळे.

डांगर म्हणजे लाल भोपळा. माझ्या सासूबाई इगतपुरीला घरामागं दरवर्षी डांगराचा एक वेल लावायच्या. बी घरचंच. पिकलेल्या फळातलं काढायचं, राखेत घोळवून डब्यात ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्या नणंदेनं, आक्कांनी उचललं. आक्का तिथंच राहतात. पण इगतपुरीचा पाऊस जूनमध्ये येऊन बसला की दसऱ्यापर्यंत उठायचं नाव घेत नाही. फुलं गळतात, धरलेलं फळ देठाशी सडतं. आम्ही नाशिकरोडला राहतो. आमच्याकडे येईपर्यंत त्याच पावसाचा दम संपलेला असतो.

म्हणून आक्कांनी मला थोडं बी दिलं. म्हणाल्या, "मंदे, तुझ्याकडं ऊन हाय. गच्चीवर लावून बघ. आईचं बी दोन ठिकाणी असलेलं बरं."

मी गच्चीवर एका जुन्या ड्रमला खाली भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं आणि बी टोचलं. इगतपुरीला जे पाण्यानं मरत होतं ते इथं पाण्यावाचून मरेल अशी मला धास्ती. म्हणून सकाळ-संध्याकाळ बादल्या चढवत होते. वेलाला ते फारच मानवलं. तो आधी कठड्यावर गेला, मग पाण्याच्या टाकीवर, मग समोरच्या सुलभाताईंच्या कपडे वाळवायच्या दोरीवर. एकदा त्यांच्या मॅक्सीच्या बाहीतून निघून गळ्यातून बाहेर आला होता. लवकरच जिन्यात चेअरमन काकांची पाटी लागली, 'गच्ची सार्वजनिक आहे.' मी चौथी शिकलेली, त्यामुळे मला ते अक्षर लावून वाचायला वेळ लागला. (आणि समजल्यावर मी आठवडाभर चेअरमन काकांना बघून जिन्यात मागं फिरत होते.)

वेल एवढा, पण फळ धरेना. ज्या फुलाखाली इवलंसं डांगर असतं ते पिवळं पडून गळायचं. सुलभाताईंनी मोबाइलवर बघून सांगितलं, "वहिनी, एवढ्या उंच गच्चीवर मधमाशा येत नाहीत. तुम्हालाच करावं लागणार."

"काय करावं लागणार?"

"नर फूल तोडायचं आणि मादी फुलावर फिरवायचं."

मला तर ऐकूनच घाम फुटला. तरी पहाटे उठले, डोक्यावरून पदर घेतला आणि कुणी बघत नाही असं पाहून ते उरकलं. मागं वळले तर चेअरमन काका प्राणायाम करत बसलेले. एक नाकपुडी दाबलेली, डोळे उघडे.

"काय चाललंय वहिनी?"

"काही नाही. फुलं... भेटवतेय."

त्यांनी दुसरी नाकपुडी दाबली आणि डोळे मिटून घेतले.

पण फळ धरलं. एकच. मी त्याच्याखाली पोतं घातलं, दुपारच्या उन्हाला वर जुनी साडी बांधली. हे, म्हणजे माझे मिस्टर, म्हणायचे, "माझ्या डोक्यावर कधी साडी धरली नाहीस." डांगर कळशीएवढं झालं, पिकून तांबूस झालं. आणि त्याच सुमारास आक्कांचा फोन आला.

"मंदे, माझा वेल गेला गं. सगळी फळं सडली, आणि डब्यातल्या बियांना बुरशी आली. तुझं हाय ना?"

"आहे आक्का. एक आहे."

आक्का म्हणाल्या, "आईचं तेवढंच राहिलं बघ. दिवाळी झाली की मी येते. घारगे करून ठेव. आणि बी नीट बाजूला काढ, मी घेऊन जाईन."

आता अडचण अशी की आख्खं डांगर बाईनं कापायचं नसतं. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं हवं तेवढं चिरावं. माझ्या माहेरी हेच, सासरीही हेच. आक्का येणार त्याच्या आदल्या दिवशीच मी ह्यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "सकाळी लावतो की कोयता, त्यात काय." आणि सकाळी ड्युटीवरून फोन आला तसे घाईत डबा घेऊन निघाले. मला आठवलं तेव्हा हे फाटकाशी पोचले होते. गॅलरीतून हाक मारावी, तर नवऱ्याला नावानं हाक मारायची सवय नाही, आणि 'अहो' म्हटलं तर कॉलनीतले सगळेच अहो वर बघणार. मी हाक मारलीच नाही.

आक्का जेवायला पोचणार होत्या. डांगर किसायचं, गुळात शिजवायचं, पीठ मळायचं, तळायचं, सगळं बाकी होतं. मी डांगर स्वयंपाकघरात मधोमध ठेवलं, कोयता हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले. पुरुष कुठून आणावा? तेवढ्यात बेल वाजली.

दारात लाइटचं मीटर वाचणारा माणूस. मला देव पावला असं वाटलं. मला कुणाशी बोलायचं म्हटलं की आवाज बसतो, म्हणून मी अगदी हळू म्हणाले, "भाऊ, जरा आत येता का?"

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. "ताई, मी फक्त रीडिंग घ्यायला आलोय."

"माहितीये. एकच घाव घाला. मला बाईमाणसाला चालत नाही, पुरुषच लागतो."

"कशाला?"

"आत पडलंय ना. तुम्ही एक घाव घाला, पुढचं बारीक मी करते."

डांगर हा शब्द मी बोललेच नाही, हे तो दोन जिने उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याची एक चप्पल आमच्या दारात राहिली होती.

पाच मिनिटांत खालून गलका वर आला. सगळ्यांत पुढं चेअरमन काका, हातात नातवाची बॅट. मागं दोन-तीन घरचे पुरुष, त्यांच्यामागं सुलभाताई आणि अगदी मागं एका चपलेतला मीटरवाला.

"वहिनी," चेअरमन काका लांबूनच म्हणाले, "आधी कोयता खाली ठेवा. काय असेल ते बोलून मिटवू. साहेब कुठायत?"

"ड्युटीवर."

"मग आत कोण पडलंय?"

मी बाजूला झाले. सगळ्यांनी डांगर बघितलं. मीटरवाल्यानं पुढं येऊन चप्पल घातली.

एवढे पुरुष आयते दारात आले होते, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शेवटी सुलभाताईच म्हणाल्या, "अहो, त्यांना पहिला घाव घालून हवाय." चेअरमन काकांना बॅट घेऊन आल्याची लाज वाटत असावी. ती त्यांनी भिंतीला टेकवली, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "एवढंच ना? गच्ची सार्वजनिक, तसं डांगरही सार्वजनिक. आणा इकडे."

डांगर ओट्यावर ठेवलं आणि घाव झकास बसला. पण काका एका घावावर थांबेनात. अर्ध्याचे अर्धे केले, त्याचे पुन्हा अर्धे. "हे तुमचं, हे तुमचं, हे माझं." प्रत्येक घराला फोड. मी म्हणायचं ठरवलं होतं की पाहुणे येणार आहेत, मला लागेल. ते वाक्य मी मनात जुळवेपर्यंत वाटणी संपली होती. माझ्या हातात काकांनी एक फोड आणि माझाच कोयता ठेवला. "घ्या वहिनी, तुम्हालाही." मी म्हणाले, "थँक्यू."

सगळे गेले. ओटा स्वच्छ होता. मी म्हटलं, एक फोड तर एक फोड, बी तर आहे. आणि मग लक्षात आलं की ओटा फारच स्वच्छ आहे.

"सुलभाताई, आतला गर...?"

त्या त्यांच्या दारातून म्हणाल्या, "ते घाण सगळं मी ओल्या कचऱ्यात टाकलं. आत्ताच घंटागाडीत देऊन आले. तुम्ही नका काळजी करू."

खाली घंटागाडीचं गाणं लांब लांब जात होतं.

मी पळाले. पायात काही नाही, पदर खांद्यावर नाही. जिन्यात चेअरमन काका भिंतीला चिकटले. फाटकाबाहेर आले तर गाडी वळणावर पोचलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी जोरात ओरडले, "ओ दादा, थांबवा!" ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाडी आणखी जोरात सोडली. का ते मला कळेना. हात वर करून पळत राहिले, तेव्हा उन्हात काहीतरी चमकलं. कोयता हातातच होता.

गाडी काही निसटली नाही, कारण वळणावर समोरून रिक्षा आली आणि आडवी थांबली. रिक्षातून एक पाय बाहेर आला, मग पिशवी, मग आक्का.

त्यांनी गाडीकडे बघितलं, ड्रायव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंदे?"

मला धाप लागली होती. "आईंचं बी," मी म्हणाले, "कचऱ्यात हाय."

आक्कांनी पुढं काही विचारलं नाही. पिशवी रिक्षावाल्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "ए दादा, खाली उतर अन् ते झाकण उघड. ती कापत नाय कुणाला, माझी भावजय हाय." मग आम्ही दोघींनी भर चौकात, चहाचा चोथा आणि कांद्याची सालं बाजूला सारत, तो तांबडा गर शोधला. बायका गॅलऱ्यांत उभ्या होत्या. एकीनं वरून विचारलं, "सोनं पडलं का हो?" आक्का म्हणाल्या, "व्हय."

बहुतेक सगळं बी मिळालं. नळावर धुऊन पदरात घेतलं आणि घरी आलो. मी रडत रडत सगळी हकिगत सांगितली. पुरुष शोधण्यापासून ते बॅटपर्यंत. आक्का शांतपणे ऐकत होत्या.

"अगं पण पुरुष शोधलास कशाला?"

"पहिला घाव बाईनं घालू नये ना, आक्का."

"नसतोच घालायचा. पण तुझे सासरे, अप्पा, रेल्वेच्या लायनीवर, आठ-आठ दिवस घरी नाय यायचे. आई काय डांगर घेऊन स्टेशनवर जायची का? खुंटीला अप्पांचा सदरा असायचा. त्याला कोयत्याची मूठ टेकवायची, हात जोडायची अन् घालायची घाव. झाला पुरुषाचा."

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारामागं, मी डांगरासमोर बसले होते तिथून हाताच्या अंतरावर, ह्यांचा निळा शर्ट लटकत होता.

उरलेल्या एका फोडीचे घारगे केले. दोघींना दोन-दोन आले. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा घरोघरून डांगराची भाजी, डांगराचं भरीत, डांगराची खीर वाट्यांतून परत आली होती. हे म्हणाले, "अरे, कापलं वाटतं डांगर. मी आलोच असतो की."

बी आम्ही अर्धं अर्धं वाटून घेतलं, आणि यंदा वेल पुन्हा टाकीवर गेला आहे. पुरुषाची सोय झालेली आहे, निळा शर्ट मी धूतसुद्धा नाही. फक्त तो मीटरवाला आता वर येत नाही. महिन्याच्या महिन्याला खाली फाटकाशी उभा राहतो आणि ओरडतो, "कोयतेवाल्या वहिनी, रीडिंग सांगा!" मग मी, जिला भाजीवाल्याला पालक मागता येत नाही, गॅलरीत उभी राहून सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या लाइटचे आकडे सांगते.