तळव्याखालचा सूर

जरीपटका भागातल्या एका लॉनवर लग्नाचं रिसेप्शन होतं. स्टेजच्या कोपऱ्यात साठीचा एक माणूस मांडीवर आडवी स्टील गिटार घेऊन जुनी गाणी वाजवत होता, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून पाणीपुरी खात होते. मी मात्र जेवण सोडून त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसलो. मीही घरी तेच वाद्य कुटतो. वेग वाढवला की माझे सूर एकमेकांना चिकटतात.

दोन गाण्यांच्या मध्ये मी त्याला उपाय विचारलाच. तारा छेडायच्या नख्या चढवलेली बोटं त्यानं माझ्यासमोर धरली.

"हात स्लो नाही गा तुया. मांगचा सूर मरत नाही. तळव्यानं त्याले दाबून टाक, मंगच पुढची तार छेड. पयले मारणं शिक, स्पीड आपोआप येते."

पुढचं गाणं त्यानं बहुतेक माझ्यासाठीच वाजवलं. तळवा तारांवर टेकत होता, उठत होता, आणि प्रत्येक सूर सुटा, धुतल्यासारखा येत होता. गाणं ऐन रंगात असताना नवरा-नवरीची एन्ट्री झाली. डीजेवाल्यानं सरळ गिटारची वायर उपटली.

तो नख्या काढून रुमालात बांधू लागला. मलाच राग आवरेना.

"काका, गाणं अर्ध्यात तोडलं त्यानं!"

"नाही गा. मी आधीच तळवा ठेवला होता. आपला सूर आपणच मारावा."

खोटं होतं ते. वायर निघाली तेव्हा त्याची बोटं तारांवर धावत होती, आणि निघाल्यावरही थोडा वेळ धावतच राहिली होती.