नमस्तेवालीचा क्रेट

अन्याय झाला तो दारात उभ्या असलेल्या एका बाईवर. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, भिवंडीतल्या एका मोठ्या स्वस्ताईच्या दुकानाच्या काचेच्या दारापाशी. अन्याय करणारी मी. साक्षीदार पुष्कळ होते, पण सगळे तेलाच्या डब्यांच्या रांगेत होते. त्यांना विचारून उपयोग नाही.

पहिल्याच ओळीत कोणावर, कुठे आणि किती वाजता ते सांगून टाकायचं, असं मला शिकवलं आहे. मी पत्रकं लिहिते. तेव्हा, म्हणजे दोन हजार सात-आठच्या सुमारास, मी बावीस वर्षांची होते आणि आमची संघटना म्हणजे सहा जण आणि एक कापडी फलक. त्या सहातले दोघे परीक्षेच्या दिवसांत यायचे नाहीत. तरी शहरातला अन्याय आता आपल्यालाच संपवायचा आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

ते दुकान नवं होतं. दुमजली, आतून थंडगार, सगळीकडे ‘एकावर एक फ्री’. दारात कंपनीच्या रंगाची साडी नेसलेली चाळिशीची एक बाई उभी असायची. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून म्हणायची, “नमस्ते, आपलं स्वागत आहे.” आमच्याकडे त्याआधी दुकानदार तराजूवरून नजरही न उचलता “बोला” म्हणायचा. त्यामुळे पहिले काही महिने लोक गोंधळले. काही जण मागे वळून बघायचे, नमस्कार नक्की कोणाला केलाय म्हणून. एका आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ट्रॉली न घेताच आत गेली. लूमवरची पाळी संपवून आलेला, केसांत कापसाचे तंतू अडकलेला एक चाचा सवयीने “वालेकुम सलाम” म्हणून गेला. दुसऱ्या खेपेला तिने त्याला आधीच सलाम केला.

माझी आई तिला नमस्तेवाली म्हणायची आणि त्या दुकानात जायचं तर साडी बदलून जायची.

“साखर आणायला कशाला इस्त्रीची साडी?” मी विचारलं.

“ती बाई हात जोडते गं. आपण गबाळं जाऊन कसं चालेल?”

मी आईला समजावलं की हे सरंजामशाहीचं नवं रूप आहे, आणि भाड्याने घेतलेला नमस्कार हा माणसाचा अपमान आहे. आईने विचारलं, “कोणाचा? तुझा की तिचा?” हा प्रश्न मी अज्ञानातून आलेला समजून सोडून दिला.

पहिल्यांदा मी त्या दारातून गेले तेव्हा बाईने हात जोडले. मी तिथेच थांबले. “तुम्ही माझं स्वागत मनापासून करताय का?” असं मी तिला विचारलं. खरोखर विचारलं. आज हे लिहिताना कान गरम होतात.

ती म्हणाली, “ताई, मागं लाईन हाय.”

त्यावरून मी अनुमान काढलं की तिला बोलू दिलं जात नाही.

मग मी पाहणी केली. तीन दिवस, हातात वही घेऊन, दाराजवळच्या बिस्किटांच्या मांडणीआडून. तिसऱ्या दिवसापर्यंत बिस्किटांवरच्या सगळ्या मुदती मला पाठ झाल्या होत्या. पण कामाचं सापडलं. नऊ तासांच्या ड्युटीत तिला बसायला काही नव्हतं. दर तासाला एकदा ती इकडेतिकडे बघून बॅगा ठेवायच्या काउंटरमागे जायची. तिथे दुधाचा एक प्लास्टिकचा क्रेट पालथा घातलेला होता. त्यावर पाच मिनिटं बसून ती पोटऱ्या चोळायची. तेवढा वेळ टोकन देणारे काका तिच्या जागी येऊन नमस्ते करायचे, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे.

मी आनंदाने वहीत लिहिलं. आनंदाने, हे लपवत नाही. पुरावा मिळाला की पत्रकवाल्या माणसाला जो आनंद होतो, त्यात समोरच्याचे पाय दुखतायत हे विसरायला होतं.

धामणकर नाक्यावर एक डीटीपीवाला होता. त्याची भाषा हिंदी-उर्दू, पण माझ्या मराठीतल्या चुका तोच काढायचा. मजकूर टाइप करता करता तो क्रेटच्या परिच्छेदाशी थांबला.

“ताई, ये बाई को पूछा है क्या?”

“विचारलं तर ती घाबरेल.”

“नहीं, मैं बोलता हूँ, टाइम भी लिखा है, जगह भी लिखी है.”

“भाऊ, पुराव्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?”

त्याने खांदे उडवले आणि टाइप केलं. मथळा होता, ‘मूक भगिनीची व्यथा’. त्या ‘मूक’ बाईशी माझं तोवर एकच वाक्य बोलणं झालं होतं, तेही मी गर्दी अडवली म्हणून. मागणी होती खुर्चीची. आणि मधल्या परिच्छेदात, ठिकाण आणि वेळेसकट, काउंटरमागचा पालथा क्रेट.

शनिवारी अकराला मी दुकानाच्या पायऱ्यांवर उभी राहिले. दिवाळीची गर्दी लोटली होती. पत्रकं हातोहात गेली. इतका प्रतिसाद मला कधीच मिळाला नव्हता. मग एका गृहस्थांनी कागद उलटापालटा करून विचारलं, “यातलं कूपन कुठून फाडायचं?” त्यांना वाटलं होतं ऑफर आहे. सगळ्यांनाच वाटलं होतं. एका बाईने “डाळीवर काहीच नाही” म्हणून परत दिलं.

पूर्ण वाचलं ते एकट्या मॅनेजरने. टाय लावलेला, माझ्याच वयाचा मुलगा. पायरीवर उभं राहून त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, “मॅडम, छान लिहिलंय. हे आम्हाला माहीतच नव्हतं.” मला वाटलं, जिंकलो. तो आत गेला, काउंटरमागे वाकला, क्रेट उचलला आणि बगलेत धरून गोदामात घेऊन गेला. तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

बाईने हे सगळं हात जोडलेल्या अवस्थेत पाहिलं. गर्दीत जरा फट पडल्यावर तिने मला खुणेने बोलावलं.

“हे तू लिवलंस?”

“हो.”

“बरं लिवलंस. पण त्या क्रेटचं कशाला लिवलंस?”

“पुरावा म्हणून.”

“पुरावा.” तिने तो शब्द जिभेवर ठेवून पाहिला. “मग आता तुझ्या पुराव्यावर बसू का मी?” आणि लगेच माझ्या मागून आलेल्या जोडप्याला, “नमस्ते, आपलं स्वागत आहे.”

मी मॅनेजरकडे गेले. निवेदन दिलं. तो उद्धट नव्हता, उद्धट असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, “खुर्ची ठेवली की गिऱ्हाईक बसतं, मॅडम. आणि बसलेलं गिऱ्हाईक खरेदी करत नाही. वरून पाहणीला माणसं येतात. तुमचा कागद त्यांच्या हातात पडला तर त्या बाईबरोबर मीही जाईन.” मी ‘शोषणाची साखळी’ असं काहीतरी म्हणाले. त्याने मान डोलावली आणि आतून कोणीतरी बोलावलं म्हणून गेला.

घरी आईला सांगितलं. आई करंज्यांचं सारण ढवळत होती.

“क्रेट मला माहीत होता,” ती म्हणाली. “त्या दुकानात जाणाऱ्या निम्म्या बायकांना माहीत होता.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू छापलं असतंस.”

मग मला एकेक कळत गेलं, जे मी तीन दिवस बिस्किटांआडून बघून जाणून घेतलं नव्हतं. बाई कामतघरच्या चाळीत राहायची. आधी लूमच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळायची. ते काम बसून होतं, पण त्या खडखडाटात तिचा एक कान गेला होता आणि छातीत कापूस बसला होता. दारातली नोकरी तिला आवडायची. आईला तिने सांगितलं होतं, इथं मला माणसांचा आवाज ऐकू येतो. माझ्या पत्रकातली ‘मूक’ बाई ती हीच. फक्त पाय साथ देत नव्हते, आणि क्रेट असेपर्यंत तेही निभत होतं.

दिवाळीच्या गर्दीत ड्युटी अकरा तासांची झाली. मंगळवारी आई दुकानातून आली. म्हणाली, “पायांच्या शिरा तटतटल्यात तिच्या. टोकनवाले काका सांगत होते, सण झाला की सोडणार म्हणते. परत कांड्या भरायला.”

मी म्हटलं, आपण मोर्चा काढू. आई म्हणाली, “तू चल माझ्याबरोबर. आणि तोंड बंद ठेव.”

बुधवारी आईने इस्त्रीची साडी नेसली. दारात नमस्ते झालं, आईने परत केलं, आणि मॅनेजरला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “ताई, मला प्लास्टिकच्या खुर्च्या बघायच्यात. जरा दाखवता का?”

“तिकडं सेल्सवाले हायेत, काकी.”

“नको बाई. तुम्हीच दाखवा, तुमचं बोलणं समजतं.”

मॅनेजरने मान डोलावली. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? काका दारात उभे राहिले. आम्ही मागच्या कोपऱ्यात गेलो, तिथे खुर्च्यांच्या चळती होत्या. आईने एक लाल खुर्ची ओढून काढली.

“बसून दाखवा. आमच्या सासूबाई अंगाने जड आहेत, मोडायला नको.”

माझी आजी तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने हलेल इतकी बारीक होती. बाईने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बसली. पाठ टेकली. डोळे मिटले. आई खुर्चीभोवती सावकाश फिरली, खुर्चीचे हात दाबून पाहिले, खाली वाकून पाहिलं.

“पाय टिकतील ना हो हिचे?”

“बसल्यावर टिकतात,” बाई डोळे मिटूनच म्हणाली.

मग निळी बघितली. मग हात नसलेली. पंधरा मिनिटांनी आई म्हणाली, “घरी विचारून सांगते,” आणि साखर घेऊन आम्ही निघालो.

संध्याकाळी आमच्या आळीतल्या दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी बुरख्यातल्या एक बाई, “आपा, ज़रा कुर्सी दिखाओ ना” म्हणत. कोणी बैठक घेतली नाही, कोणी यादी केली नाही. बायका आपापल्या सोयीने जात आणि खुर्च्यांची अतोनात चिकित्सा करत. मी त्यांच्यासाठी एक वेळापत्रक करून दिलं होतं, रंगीत पेनने. आईने ते पोळ्यांच्या डब्याखाली घातलं.

मॅनेजरला कळलं नसेल असं नाही. एकदा त्याने आईला गाठलं. “काकू, रोज बघता, घेत का नाही?”

आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, “हिचं लग्न ठरू दे. एकदम बारा घेईन.”

तो हसला, बाई हसली, काका दारातून हसले. लग्नसंस्थेविषयी माझी मतं त्या वेळी छापून तयार होती. ती पिशवीत ठेवून मी आयुष्यात प्रथमच आंदोलनाच्या हितासाठी गप्प राहिले.

बाईने नोकरी सोडली नाही. वर्षभर केली, मग स्वतःच्या मनाने सोडली. आता ती अंबाडीला बहिणीकडे राहते आणि नाक्यावर भाजणी, लोणची विकते, बसून. हा मजकूर छापायच्या आधी मी तिथे जाऊन तिला पूर्ण वाचून दाखवला, चांगल्या कानाच्या बाजूला बसून. तिने दोन ठिकाणी थांबवलं. दुकानाचं नाव काढायला लावलं, “त्या पोराची नोकरी जाईल.” आणि जिथे जिथे मी तिला ‘भगिनी’ म्हटलं होतं ते सगळं काढायला लावलं, फक्त पत्रकाच्या मथळ्यातलं राहू दिलं, कारण ते आधीच छापून झालेलं होतं.

“खुर्च्यांचंही काढू का?” मी विचारलं. “मॅनेजर लोक वाचतील.”

“वाचू देत. गिऱ्हाइकाला न्हाय म्हणता येत न्हाय त्यांना. माझं झालं, पण माझ्या जागी दुसरी उभी हाय. छाप.”

तेव्हा तुम्ही, वाचणारे. पुढच्या खेपेला अशा दुकानात गेलात की दारातल्या बाईचा नमस्कार परत करा. तिचे हाल विचारत दारात उभे राहू नका, मागे लाईन असते. मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हणा, ताई, मला खुर्च्या दाखवा. बसून दाखवा म्हणा. आणि ती बसली की तुम्ही उभे राहा, आणि रंग पसंत करायला भरपूर वेळ लावा.